पोस्ट उडवली कुणी: कंपनीने की सरकारने?

ओतूरकर (धागाकर्ता)

कुणाचं समाजमाध्यमावरचं खातं बंद झालं की दोन प्रतिसाद ठरलेले असतात. एक, 'अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी!' दुसरा, 'खाजगी कंपनी आहे, फुकट वापरता ना, मग गप्प बसा.' दुसरा प्रतिसाद कायद्याच्या जास्त जवळ जातो, म्हणून तो देणाऱ्याचा सूरही जरा चढा असतो. मला मात्र आपल्याकडे तोच जास्त फसवा वाटतो. का ते सांगतो. मी वकील नाही, निकाल वाचायची खोड आहे एवढंच.

घटनेच्या कलम १९(१)(अ) मधला भाषणाचा हक्क मुळात 'राज्या'विरुद्ध आहे, आणि राज्य म्हणजे कोण ते कलम १२ सांगतं. सरकार, विधिमंडळं, महापालिका वगैरे, शिवाय न्यायालयांनी पुढे त्यात घेतलेली सरकारी महामंडळं. यावर एलआयसीचा एक किस्सा आहे. अहमदाबादचे प्रा. मनुभाई शहा ग्राहक चळवळीतले. विमाधारकांना कसं लुबाडलं जातं यावर त्यांनी टिपण काढलं. एलआयसीच्या एका अधिकाऱ्याने 'द हिंदू'त उत्तर दिलं, 'हिंदू'ने शहांचं प्रत्युत्तरही छापलं. मग एलआयसीने आपल्या 'योगक्षेम' या नियतकालिकात स्वतःची बाजू छापली आणि शहांना सांगितलं, हे आमचं घरचं मासिक, तुमचं छापणार नाही. शहा कोर्टात गेले. गुजरात उच्च न्यायालयात जिंकले, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकले. एलआयसी लोकांच्या पैशावर चालते, तिला एकच बाजू छापून मोकळं होता येणार नाही, असं कोर्टाने बजावलं.

आता हेच मासिक एखाद्या खाजगी विमा कंपनीचं असतं तर? शहा पहिल्याच पायरीवर हरले असते.

दुसरं प्रकरण ऑक्टोबर २०१९ चं. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. कारण त्यांनी वर लावलेलं छायाचित्र. १९३६ साल, हॅम्बुर्गची गोदी, सगळा जमाव हात उंचावून नाझी सलाम ठोकतोय आणि एकटा कामगार हाताची घडी घालून उभा आहे. ट्विटरच्या लेखी ते 'द्वेषपूर्ण चित्र'. नाझींना नकार देणाऱ्या माणसाचं चित्र नाझी म्हणून उडवलं! खातं परत मिळालं आणि लगेच गोरख पांडे यांच्या एका हिंदी कवितेपायी पुन्हा गेलं. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की संस्था खाजगी असली तरी ती सार्वजनिक कार्य करत असेल तर कलम २२६ खाली तिच्याविरुद्ध रिट (हक्कभंगावर थेट उच्च न्यायालयाकडे आदेश मागणारी याचिका) चालली पाहिजे.

त्या दिवसांत बरीच मंडळी रागारागाने मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या माध्यमावर गेली होती. त्यातली बरीचशी परतही आली, कारण ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे ट्विटरवरच होते. 'नको असेल तर सोडा' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तर प्रश्न असा: कंपनीवर काही बंधन असावं का, आणि असलं तर कसलं?

---

खटपट्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

(संपादकांनी वाचनमात्र केला नाही तर. आणि केला तर तोच प्रतिसाद समजावा.)

---

बे_एरियातला_बंड्या

इथली बाजू मांडतो. अमेरिकेत पहिली घटनादुरुस्ती (भाषणाच्या हक्काची) सरकारला बांधते, कंपनीला नाही, आणि यात कोर्टांनी फारशी फट ठेवलेली नाही. प्रेगर युनिव्हर्सिटीने (विद्यापीठ नव्हे, उजव्या विचारांचे व्हिडिओ काढणारी संस्था) यूट्यूबवर दावा लावला होता की आमचे व्हिडिओ वयाच्या अटीत टाकून गळा दाबता. २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की यूट्यूब कितीही मोठं असलं तरी ते सरकार नव्हे.

उलट इथे कंपनीलाच भाषणाचा हक्क आहे. २०२१ मध्ये टेक्सास आणि फ्लोरिडाने कायदे केले की मोठ्या माध्यमांनी मतं बघून पोस्ट काढायच्या नाहीत. ट्रम्पचं खातं जानेवारी २०२१ मध्ये गेलं, त्याचा तो राग. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ जुलै २०२४ च्या निकालात दोन्ही प्रकरणं नीट तपासायला परत खाली पाठवली, पण न्या. केगन यांनी बहुमताच्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलं की काय दाखवायचं, काय गाळायचं ही निवड हीसुद्धा अभिव्यक्तीच. १९७४ मध्ये मायामी हेराल्डच्या खटल्यात वर्तमानपत्राबद्दल जे म्हटलं होतं त्याच वळणाचं.

शिवाय १९९६ चं कलम २३०. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाला जबाबदार धरायचं नाही, आणि चांगल्या हेतूने काही काढलं तरी नाही. त्याआधी १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने गंमत केली होती: प्रॉडिजी नावाची सेवा संदेश तपासते, साफसफाई करते, म्हणून ती प्रकाशक, म्हणून बदनामीला जबाबदार! म्हणजे झाडलोट करणारा अडकणार आणि उकिरडा ठेवणारा सुटणार. तो उलटा न्याय मोडायला कलम २३० आलं.

माझं मत: कंपनीला मोकळं सोडा. मला कंपनीपेक्षा सरकारची भीती जास्त.

---

कडूनिंब

बंड्याशी सहमत. माझं घर, माझे नियम. चपला बाहेर काढा म्हटलं की काढायच्या. पटत नसेल तर दुसरं घर शोधा. पाहुण्याने घटनेचं पुस्तक घेऊन यायचं कारण नाही.

---

ओतूरकर

@कडूनिंब, घरात पाच-पन्नास पाहुणे असतात तोवर ठीक. अमेरिकेतच १९४६ चा एक खटला आहे, मार्श विरुद्ध अलाबामा. चिकासॉ नावाचं अख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. रस्ते, दुकानं, सगळं तिचं. एक बाई पदपथावर धार्मिक पत्रकं वाटत होती, तिला खाजगी जागेत घुसल्याबद्दल दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जागा लोकांसाठी जितकी खुली कराल तितके मालकाचे हक्क लोकांच्या हक्कांपुढे आखडत जातात, हा त्यातला गाभा. पुढे अमेरिकन कोर्टांनी हा निकाल आकसून टाकला हे खरं आहे, बंड्या तेच म्हणेल.

आपल्याकडे बीसीसीआय घ्या. २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की बीसीसीआय हे 'राज्य' नाही. पण त्याच निकालात म्हटलं की ते सार्वजनिक कार्य करतं, त्यामुळे कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे. क्रिकेटचा संघ निवडणं हे सार्वजनिक कार्य ठरतं, मग कोट्यवधी माणसांनी काय वाचायचं ते ठरवणं कसं नाही?

---

नवखी_वकील

काका, याला एक जोड. ३ जानेवारी २०२३ चा कौशल किशोर निकाल वाचा. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. चार विरुद्ध एक असं ठरलं की कलम १९ आणि २१ चे हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. न्या. नागरत्ना यांचा या मुद्द्यावर विरोध होता. मूळ प्रकरण मंत्र्याच्या बेताल वक्तव्याचं, समाजमाध्यमांशी काही संबंध नाही, पण वाक्य कागदावर आलंय. उद्या ते कंपन्यांना लावायचं म्हटलं तर कसं लावणार, याचं उत्तर निकालात सापडत नाही. आमच्या चेंबरमध्ये यावर चहा थंड होईपर्यंत भांडणं झाली आहेत.

आणि एक धोका सांगते. कंपनीवर कलम १९ लादलं तर कलम १९(२) मधले अपवादही सोबत येतात. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी वगैरे मोजकेच. मग त्यात न बसणारा कचरा, म्हणजे स्पॅम, ट्रोलांच्या झुंडी, खोटे वैद्यकीय उपाय, काढायचा कशाच्या आधारावर? रोजचा बराच कचरा बेकायदा नसतो, नुसता घाण असतो.

---

पेणकर

वाचतोय, लिहीत नव्हतो, पण आता लिहितोच. आमचा गणपतीचा कारखाना आहे. एका समाजमाध्यमावर पान होतं, मूर्तींचे फोटो, मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी तिथूनच यायच्या. ऐन श्रावणात पान गेलं. कारण काय, तर 'आमच्या सामुदायिक मानकांचा भंग'. कुठल्या मानकाचा, कुठल्या फोटोमुळे, काही नाही. फॉर्म भरला, यंत्राचं उत्तर आलं. पुन्हा भरला, तेच उत्तर. फोन नंबर नाही, माणूस नाही. वडील म्हणतात कुणीतरी धंद्यातल्याने तक्रार केली असणार. मला तेही कळत नाही. जाहिरातीचे पैसे भरलेले होते, तेही अडकले.

मला घटनेतलं काही नको. काय चुकलं ते सांगा, एवढंच पाहिजे होतं.

---

ओतूरकर

@पेणकर, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत मला म्हणायचंय ते सगळं आलं. आणि हे सांगणं कंपनीवर आजही बंधनकारक आहे, बहुतेकांना माहीतच नसतं.

फेब्रुवारी २०२१ चे आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याखालचे नियम. नोंदणीकृत वापरकर्ते ५० लाखांच्या वर असलेली माध्यमं 'महत्त्वाची' धरली आहेत. त्यांना नियम ४(८) लागू होतो. नियम मोडला म्हणून कंपनीने स्वतःहून काही काढलं तर काढण्याआधी तुम्हाला कळवायचं, कारण द्यायचं, आणि तुमची बाजू मांडायची वाजवी संधी द्यायची. शिवाय भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमायचा. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत १५ होते). तो पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जायचं. २०२२ च्या दुरुस्तीने या समित्या आल्या, जानेवारी २०२३ मध्ये तीन नेमल्या. अर्ज ऑनलाइन करायचा. त्याच दुरुस्तीत असंही आहे की कंपनीने आपले नियम घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या तुमच्या पसंतीच्या भाषेत द्यावेत. म्हणजे मराठीतही.

आता नियम ४(८) मधला 'स्वतःहून' हा शब्द पुन्हा वाचा. कंपनीने स्वतःच्या मनाने काढलं तर कारण द्यायचं. सरकारने सांगितलं म्हणून काढलं तर हा नियम लागू नाही! तिथे आयटी कायद्याचं कलम ६९-अ (मजकूर रोखायचा सरकारचा अधिकार) आणि त्याखालचे २००९ चे रोधन नियम येतात, आणि त्यातला नियम १६ म्हणतो की सगळं गोपनीय ठेवा. सरकार कंपनीला कारण सांगायला लावतं आणि स्वतः दारामागे उभं राहतं. म्हणून धाग्याचं शीर्षक तसं दिलंय. ज्याची पोस्ट गेली त्याला पुष्कळदा हेच कळत नाही की भांडायचं कुणाशी.

---

फोंडेकर

अगदी! आणि 'खाजगी कंपनी आहे, तिची मर्जी' म्हणणारे इथेच फसतात. मर्जी कुणाची होती ते कुठे ठाऊक आहे?

१ फेब्रुवारी २०२१ आठवा. शेतकरी आंदोलन चालू होतं, ट्विटरवर अडीचशेच्या आसपास खाती भारतात दिसेनाशी झाली, त्यात 'कॅरव्हान' मासिकाचंही होतं. काही तासांत परत दिसू लागली. सरकारने ट्विटरला तंबी दिली. पुढे ट्विटर कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. मुद्दा असा की एका पोस्टसाठी अख्खं खातं का बंद करायला सांगता, आणि खातेदाराला नोटीस का नाही. ३० जून २०२३ रोजी याचिका फेटाळली, वर ५० लाखांचा दंड. सप्टेंबर २०२५ मध्ये 'सहयोग' या सरकारी पोर्टलवरून येणाऱ्या मजकूर काढायच्या आदेशांविरुद्ध एक्सने (म्हणजे ट्विटरनेच) केलेली याचिकाही तिथेच फेटाळली गेली. परदेशी कंपनीला कलम १९ चा आधार घेता येणार नाही, हे दोन्ही वेळा ऐकवलं.

गंमत बघा. वापरकर्ता कंपनीविरुद्ध गेला तर उत्तर, 'ती राज्य नाही.' कंपनी सरकारविरुद्ध गेली तर उत्तर, 'तू नागरिक नाहीस.' आणि नागरिकाला आदेशाची प्रतच मिळत नाही. हुंडा कॅलक्युलेटर नावाचं एक उपहासाचं संकेतस्थळ होतं. हुंडाप्रथेची टर उडवणारं. २०१८ मध्ये बंद झालं, हुंड्याला उत्तेजन देतं म्हणून! ते चालवणारे तनुल ठाकूर दिल्ली उच्च न्यायालयात भांडले, तेव्हा कुठे २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की त्यांना आदेशाची प्रत द्या आणि बाजू ऐका. चार वर्षं.

आणि ओतूरकरसाहेब, त्या अपील समित्यांचं कौतुक नको. नेमणार कोण? केंद्र सरकार. म्हणजे खाजगी कंपनीने काय ठेवावं आणि काय काढावं यावर शेवटचा शब्द सरकारी समितीचा. आयटी नियमांत दुरुस्ती करून आणलेल्या केंद्राच्या तथ्य तपासणी कक्षाचं तेच झालं होतं: सरकारच्या कारभाराबद्दल खोटं काय ते सरकारनेच ठरवायचं. विनोदी कलाकार कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले, जानेवारी २०२४ मध्ये न्या. पटेल आणि न्या. गोखले यांची मतं फुटली, मग सप्टेंबरमध्ये न्या. चांदूरकरांच्या मताने ती दुरुस्ती रद्द झाली. आमचं हायकोर्टही तेच, गोव्यात पर्वरीला खंडपीठ आहे म्हणून जरा अभिमानाने सांगतोय.

---

वसईचा_विजय

पालघर विसरू नका कुणी. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. फेसबुकने त्यात काहीही काढलं नव्हतं. पोलिसांनी पकडलं, आयटी कायद्यातलं कलम ६६-अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा) लावून.

त्यातूनच पुढे श्रेया सिंघल निकाल आला, २४ मार्च २०१५, आणि ६६-अ गेलं. त्याच निकालात कलम ७९(३)(ब) (बेकायदा मजकुराची माहिती होऊनही तो न काढणारी कंपनी जबाबदार) बद्दलही म्हटलंय की कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला तरच कंपनीला 'माहिती झाली' असं धरायचं. नाहीतर कुणीही उठून पत्र पाठवावं आणि कंपनीने घाबरून पोस्ट काढावी, असं झालं असतं. मी त्या वेळी पालघरहून रोज रेल्वेने यायचो, डब्यात लोक फोन उघडायला कचरत होते. तेव्हा कंपनी आणि सरकार यांना एकाच तराजूत घालू नका राव. कंपनी खातं बंद करते. सरकार कोठडीत टाकतं.

---

रात्रपाळी

मी या सगळ्याच्या दुसऱ्या बाजूला बसायचो. नाव-गाव सांगत नाही, कंत्राटी कंपनी होती, काम एका मोठ्या माध्यमाचं. मराठी मजकुराची रांग आमच्याकडे यायची.

लोकांना वाटतं कुणीतरी बसून राजकीय मतं गाळतो. रांगेत बहुतेक वेळ काय असायचं? कर्जाच्या फसव्या जाहिराती, चोरलेले फोटो लावून काढलेली खोटी खाती, बायकांना पाठवलेली घाण, आणि काही अशा गोष्टी की ज्या इथे लिहिणार नाही. लहान मुलांच्या ओळखल्या गेलेल्या चित्रफिती यंत्रच डिजिटल ठशावरून पकडतं, ते माणसापर्यंत यायच्या आधीच जातं, आणि तसंच असावं. ज्याला 'काहीच काढू नका' म्हणायचंय त्याने एक रात्रपाळी करावी.

पण चुका कशा होतात तेही सांगतो. यंत्राला संदर्भ कळत नाही आणि माणसाला वेळ नसतो. मराठी कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, त्यातही नागपूरचं वेगळं, मालवणचं वेगळं. प्रेमाने दिलेली शिवी आणि धमकी यांतला फरक इंग्रजीत लिहिलेल्या नियमावलीत बसवायचा. जातीवाचक टोमणे तर इतके आडवळणाचे असतात की बाहेरच्याला ते कौतुक वाटावं. ते सुटायचे आणि त्यांच्याविरुद्ध चिडून लिहिणारा अडकायचा. शिवाय पन्नास जणांनी मिळून एकाच पोस्टची तक्रार केली की ती रांगेत वर यायची. पेणकरांच्या वडिलांची शंका अगदीच हवेत नाही.

---

संपदा_म्युनिक

@रात्रपाळी, हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याइतका आहे. भाषेच्या मुद्द्याला आधार देते. मेटाचं (फेसबुकच्या मालक कंपनीचं) जे पोस्ट काढण्याचे निर्णय पुन्हा तपासणारं देखरेख मंडळ आहे त्यांच्यापुढे भारतातलं एक पंजाबी प्रकरण आलं होतं. पोस्ट चुकून काढली होती, मंडळाने एप्रिल २०२१ मध्ये तसं म्हटलं. त्यात हेही निघालं की फेसबुकचे नियमच पंजाबीत उपलब्ध नव्हते. ज्या भाषेत नियम वाचता येत नाहीत त्या भाषेत नियमभंग मात्र होतो! त्याच वर्षी फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी बाहेर काढलेल्या कागदपत्रांत दिसलं की हिंदी-बंगालीसारख्या भाषांसाठीही यंत्रणा तोकडी होती. मराठीचं काय असेल याचा अंदाज करा.

जर्मनीत काय झालं ते ओतूरकरांना आवडेल. २९ जुलै २०२१ रोजी इथल्या संघीय न्यायालयाने फेसबुकविरुद्ध निकाल दिला. पोस्टी स्थलांतरितांविरुद्धच्या होत्या, मला स्वतःला, एक स्थलांतरित म्हणून, त्या वाचणं सोसलं नाही. तरी निकाल पटला. कोर्ट म्हणालं, कंपनी कायद्यापेक्षा कडक नियम करू शकते, बेकायदा नसलेला मजकूरही काढू शकते. पण पोस्ट काढल्यावर निदान कळवलं पाहिजे, आणि खातं बंद करायचं असेल तर आधी कारण सांगून बाजू ऐकली पाहिजे. फेसबुकच्या करारात ती तरतूद नव्हती म्हणून ते कलमच अवैध ठरलं आणि पोस्टी परत लावाव्या लागल्या. हा निकाल जर्मन घटनेतल्या हक्कांची सावली करारावर पडते या तत्त्वावर आहे. कंपनीला सरकार ठरवायची गरजच पडली नाही.

आता तर युरोपभर डिजिटल सेवा कायदा आहे, फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू. काढलेल्या प्रत्येक मजकुराचं कारण द्यायचं, आणि ते स्वयंचलित यंत्राने ठरवलं असेल तर तेही सांगायचं. तक्रारीवरचा निर्णय नुसत्या यंत्रावर सोडायचा नाही. मी स्वतः एकदा अशी कारणं मिळालेली वाचली, छापील आणि कोरडी होती, पण कलम कुठलं ते तरी कळलं.

---

कडूनिंब

ठीक आहे, कारण सांगा इथपर्यंत मी येतो. पण 'आधी नोटीस, मग सुनावणी' हे दंगलीच्या रात्री कसं करणार? अफवेचा व्हिडिओ फिरतोय, माणसं मरतायत, आणि कंपनी खातेदाराला ७ दिवस देणार? २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवरच्या अफवा होत्या. तिथे आधी काढा, मग बोला हेच बरोबर.

---

ओतूरकर

राईनपाड्याबद्दल वाद नाही. तातडीचं आधी काढा आणि कारण नंतर द्या, ते जर्मन कोर्टानेही पोस्टबाबत मान्य केलंच आहे. माझी तक्रार 'नंतर'सुद्धा काही न येण्याबद्दल आहे. (राईनपाड्यातल्या अफवा बंदिस्त गटांतून फिरल्या होत्या, तिथे काढणार कोण आणि कसं, हा वेगळाच गुंता. तो इथे नको.)

फोंडेकरांचा समित्यांवरचा आक्षेप मला मान्य आहे. सरकार नेमणार आणि सरकारच सर्वात मोठा तक्रारदार, हे बरं दिसत नाही. तरी आज पेणकरांसारख्यासाठी फुकटात दुसरं दार नाही, म्हणून सांगितलं.

सरकारी आदेशांच्या बाबतीत थोडी हालचाल आहे. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर नियम ३(१)(ड) खालची मजकूर काढायची सूचना सहसचिव किंवा त्यावरचा अधिकारी, पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाचा खास नेमलेला अधिकारी, यांनीच द्यायची आहे, कायद्याचं कलम आणि कारण लिहून. दर महिन्याला सचिव पातळीवर आढावा. पूर्वी कुठलाही हवालदार पत्र धाडायचा अशी ओरड होती, त्यापेक्षा बरं. पण ते कारण जातं कंपनीकडे. खातेदाराला प्रत द्या, असं त्यातही नाही.

---

बे_एरियातला_बंड्या

हे मान्य. मी 'सरकारची भीती जास्त' म्हटलं ते याचसाठी. कंपनीला जेवढे नियम लावाल तेवढी ती सरकारची मिंधी होते, हे तुमच्या लक्षात येत नाहीये. मुख्य अनुपालन अधिकारी (नियम पाळले जातात का ते बघणारा) भारतात बसवायचा आणि चूक झाली तर खटला त्याच्यावर, मग तो बिचारा सरकारला कशाला नाही म्हणेल?

---

नवखी_वकील

बंड्यादादा, हा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच वापरकर्त्याला स्वतःची नोटीस मिळणं गरजेचं आहे. कंपनी भांडणार नाही, तिचा धंदा इथे आहे. भांडेल तर ज्याची पोस्ट गेली तोच. २००९ च्या नियमांत नोटीस 'व्यक्ती किंवा मध्यस्थ' (म्हणजे माध्यम कंपनी) यांना द्यायची आहे. सरकार 'किंवा'वर बोट ठेवून फक्त कंपनीला देतं. यावरची याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे, मार्च २०२५ मध्ये नोटीस निघाली. माणूस ओळखता येत असेल तर त्यालाही कळवायला हवं, असं न्यायमूर्तींना प्रथमदर्शनी वाटलं.

@पेणकर, तुमच्यासाठी वेगळं. जाहिरातीचे पैसे भरले होते म्हणालात. फुकट सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' धरत नाहीत, पण पैसे घेऊन दिलेली धरतात. कंपनी म्हणेल की वापर व्यापारी होता. त्यावर असा मुद्दा मांडता येईल: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू त्या अपवादात येत नाहीत, तेच सेवेलाही लावा. कारखान्यात किती कामगार आहेत यावर थोडं अवलंबून राहील. तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, बंगळूर-दिल्लीला जायला नको.

---

पेणकर

म्हणजे अलिबागला? वकील लावावा लागेल का? कारखान्यात घरचेच आहोत, हंगामात चार मुलं येतात.

---

नवखी_वकील

हो, रायगड जिल्हा आयोग अलिबागलाच. वकिलाची सक्ती नाही, स्वतः उभं राहता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. आधी तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल करा, त्यात नियम ४(८) आणि तक्रार निवारणाचा नियम ३(२) यांचा उल्लेख करा आणि ७ दिवस थांबा. उत्तर आलं काय, नाही आलं काय, दोन्हीचा उपयोग होतो. जाहिरातीच्या पावत्या आणि ते यंत्राचं उत्तर छापून ठेवा, खातं बंद असलं तरी मेलमध्ये सापडेल.

---

पेणकर

पावत्या आहेत. आज रात्री मेल टाकतो. मराठीतच लिहिणार.